बिनपंख्याचा लॅपटॉप

सोमवार, ३

सकाळी कागद गिरणीतून फोन. दाढीवाले साहेब स्वतः बोलले. गिरणीतली सगळी मशिनं त्यांच्या ताब्यात. एरवी ते दाढी कुरवाळतात आणि त्यांचा कारकून बोलतो, म्हणून मी चहाचा कप आधी खाली ठेवला. चार नंबरचा ब्लोअर चालता चालता जाम झाला. बेअरिंग फुटलं. मशिनांना तेल देणाऱ्या तेलवाल्याचा हात नेमका तेव्हा जाळीच्या आत होता. दोन बोटं चिरडली. एक वाचेल म्हणतात, दुसऱ्याचं सांगता येत नाही.

त्याच ब्लोअरवर अकरा दिवसांपूर्वी मी माझ्या हाताने ‘ठीक’ लिहून कागद चिकटवला होता.

साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर मलाही ओरडता आलं असतं. शांतपणे म्हणाले, वीस तारखेला या, सगळी मशिनं परत ऐका. या वेळी चूक झाली तर मला सगळीकडे सेन्सर बसवावे लागतील, मग तुम्हाला कशाला त्रास द्यायचा.

बत्तीस वर्षं मी मशिनांची दुखणी ऐकून सांगतोय. वर्कशॉपमध्ये झाडू मारायला लागलो होतो. एका म्हाताऱ्या फिटरने स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीला आणि मूठ माझ्या कानाला लावून विचारलं, काय म्हणते? मी म्हटलं, दात खाते. त्या दिवशी झाडू सुटला. आता स्क्रूड्रायव्हरच्या जागी पितळी कांडी आली, माइक आला, लॅपटॉप आला, मुलगी इंजिनियर होऊन हाताशी आली. पण निकाल कानाचा. गिरणीत मला नावाने कोणी हाक मारत नाही, ‘कानवाले’ म्हणतात.

कान चुकत नाही. मग चुकलं कोण, ते दुपारी सापडलं. चार नंबर जाळीच्या आत, तिथे कांडी पोचत नाही, माइक लावून हेडफोनवर ऐकावं लागतं. त्या दिवशीचं रेकॉर्डिंग लावलं, तर पहिल्यापासून शेवटपर्यंत घर्र घर्र. ब्लोअरची नव्हे, आमच्या लॅपटॉपच्या पंख्याची. आठ वर्षांचा रेडा. चार पायऱ्या चढल्यासारखा धापा टाकतो. त्याच्या घोरण्याखाली बेअरिंगचं रडणं बुडालं.

एका माणसाची बोटं या डबड्यापायी. उचलून आपटावासा वाटला. नवा घेणार.

मंगळवार, ४

मला वाटलं होतं, मुलगी विरोध करेल. ती लगेच हो म्हणाली. इतक्या लगेच की मला संशय आला. संशय खरा निघाला: तिला मोठा स्क्रीन हवा आहे. सतरा इंची.

मी म्हटलं, आपण ऐकून खातो, बघून नाही. मला आवाज न करणारा हवा. ती म्हणाली, आवाज बघताही येतो. म्हणजे तिचं ते आवाजाचं चित्र. खाली जाड आवाज, वर बारीक आवाज, मध्ये रंगांची रांगोळी. रेड्याच्या स्क्रीनवर ते तळहाताएवढं दिसतं आणि त्यावर आमच्या दोघांच्या ग्रीसच्या बोटांचे ठसे. त्या दिवशी चार नंबरपाशीही ती म्हणालीच होती, बाबा, वरच्या बाजूला काहीतरी दिसतंय, घरी नेऊन नीट बघते. मी म्हटलं, माझा अंगठा दिसतोय तुला. पुसलं, कागद चिकटवला, निघालो.

आज तिने तो विषय काढला नाही. नुसती बघत राहिली. हे बघणं मला आवडत नाही. आईकडून उचललंय.

गुरुवार, ६

दुकानात गेलो. लॅपटॉपवाला तिशीतला, गळ्यात टाय, जिभेवर साखर. त्याने तीन मांडले.

पहिला हत्ती. सतरा इंच, अडीच किलो, ताकद भरपूर, जागा भरपूर, माइक ज्या डबीतून जोडतो तिला हवी ती भोकं जागच्या जागी. पण पोटात दोन पंखे. दुसरा मधला. तो कशातच वाईट नव्हता, म्हणून कशातच चांगलाही नव्हता, असल्या माणसाला मी नोकरीही देत नाही. तिसरा वहीएवढा. पंखाच नाही. तापला तर हळू चालतो, पण ओरडत नाही. भोकं दोनच, डबीसाठी वेगळं अ‍ॅडॉप्टरचं शेपूट लावावं लागेल. रॅम आतच डकवलेली, पुढे वाढवता येणार नाही. स्क्रीन तेरा इंची.

मी तिघांनाही कान लावला. पाठीला, पोटाला, कडेला. दुकानातली माणसं हसली. हसू देत. टायवाल्याने तिन्हींवर काहीतरी जड काम सुरू केलं. हत्ती फुरफुरला. मधला कण्हला. तिसरा मात्र ढिम्म. मेलेल्या माशासारखा. मी म्हटलं, हाच.

मुलगी म्हणाली, “बाबा, हा नको. शिट्टी वाजवतोय.”

मी परत कान लावला. दहा मोजले. काही नाही. टायवाल्याकडे बघितलं. तो माझ्याकडे, तिच्याकडे, मग परत माझ्याकडे बघून म्हणाला, “छे हो काका, एकदम शांत. तुमच्यासारख्या जाणकारासमोर मी काय बोलू?”

मोठ्या स्क्रीनसाठी माझी मुलगी माझ्या तोंडावर, परक्या माणसासमोर, आवाजाबद्दल खोटं बोलली. रंगाबद्दल बोलली असती, किमतीबद्दल बोलली असती, मी सोडून दिलं असतं. आवाजाबद्दल? माझ्याशी?

मी तिला एवढंच म्हटलं, “हा हत्ती रोज उचलणार कोण? तू?” आणि बिनपंख्याचा घेऊन आलो. नाव ठेवलं मौनीबाबा. 

शनिवार, ८

आता हीसुद्धा फितली, मुलीची आई. मौनीबाबाला बैठकीत चार्जिंगला लावलं होतं. ही येऊन म्हणते, अहो, याला दुसरीकडे ठेवा, डोक्यात किणकिण होतेय. मी म्हटलं, तुला मुलीने पढवलंय. ही म्हणाली, मला पढवायला तुमच्या सात पिढ्या कमी पडल्या. आणि त्यावर उशी ठेवून गेली. चालू लॅपटॉपवर उशी! पंखा नाही त्याला, गुदमरेल तो. समजत काही नाही आणि मत मात्र सगळ्यात.

त्यात अंग कसकस करतंय. नवा थर्मामीटर लावून बसलो तर तो वाजेचना. सात मिनिटं तोंडात धरून बसलो, गाढवासारखा. फेकून दिला. आजकाल कुठली वस्तू नीट करत नाहीत.

आणि या दोघी बोलतात तेही तोंडातल्या तोंडात. पूर्वी घरात माणसं स्पष्ट बोलायची.

सोमवार, १०

बाथरूम आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत पातळ आहे आणि माझे कान जाड नाहीत. दाढी करत होतो. पलीकडे दोघी, आणि भांडणाच्या नादात नेहमीपेक्षा मोठ्याने.

ही म्हणाली, “वीस तारखेच्या आत सांगायला हवं.”

मुलगी म्हणाली, “मी नाही सांगणार. त्यांच्या हातातली कांडी मी काढून घेतली असं होईल.”

“मग आणखी कोणाचा हात जाईपर्यंत थांबायचं?”

“मोठा स्क्रीन असता ना आई, तर मी गुपचूप सांभाळून घेतलं असतं.”

नळ सोडला. पुढचं ऐकवलं नाही.

तर हे असं आहे. कांडी काढून घ्यायची. गुपचूप सांभाळायचं. तीन वर्षं मी मुलीला गिरण्या दाखवल्या, बर्फाचा कारखाना दाखवला, ओळखी करून दिल्या, आणि आता बाईसाहेब गादीवर बसणार. दाढीवाल्यांशीही बोलणं झालं असेल. ते सेन्सरचं यांचंच पिल्लू असणार. मी घरात साप पाळला असं लिहिणार होतो, पण ती माझी मुलगी आहे, म्हणून नाही लिहीत.

गाल कापला. रक्त लवकर थांबेना.

बुधवार, १२

वीस तारखेच्या आधी मौनीबाबाची तालीम व्हावी म्हणून बर्फाच्या कारखान्यात गेलो. तीन कॉम्प्रेसर, तिन्ही माझ्या ओळखीचे. हेडफोनवर कसं स्वच्छ! घरघर नाही, धाप नाही. मी मुलीकडे विजयाने बघितलं.

तिने स्क्रीन माझ्याकडे वळवला. चित्राच्या वरच्या भागात एक सरळ आडवी रेघ, पट्टीने मारल्यासारखी. नऊ हजार हर्ट्झवर. तिन्ही रेकॉर्डिंगमध्ये, तिथेच. मी म्हटलं वायर. वायर बदलली. रेघ तिथेच. माइक बदलला. रेघ तिथेच. कॉम्प्रेसरपासून लांब, अंगणात नेऊन नुसती हवा रेकॉर्ड केली. रेघ हजर.

ती म्हणाली, लॅपटॉपच गातोय बाबा, त्याचीच शिट्टी त्याच्याच रेकॉर्डिंगमध्ये उतरतेय.

म्हणजे तिचंच पुन्हा. मी माइक बर्फावर आदळला. माझाच माइक. कारखान्याचा मालक दारात उभा राहून बघत होता. त्याने विचारलं, काका, बरं आहे ना? तिने सांगितलं, बाबांना जरा ताप आहे. तेवढी मात्र लाज राखली.

शुक्रवार, १४

मौनीबाबाला काखोटीला मारून दुकानात गेलो. शिट्टी वाजत असेल तर सदोष माल विकला म्हणून भांडायचं, वाजत नसेल तर तसं लिहून घ्यायचं आणि मुलीच्या नाकासमोर धरायचं. दोन्हीकडून माझाच विजय.

टायवाला दुसऱ्या गिऱ्हाईकापाशी होता. बाप आणि पाच-सहा वर्षांची मुलगी. मी काउंटरवर मौनीबाबा उघडला, जड काम सुरू केलं आणि हाताची घडी घालून उभा राहिलो. त्या पोरीने खेळणं टाकलं, दोन्ही कानांवर हात ठेवले आणि बापाच्या पायांत घुसली. म्हणाली, “बाबा, त्या आजोबांना ते बंद करायला सांगा ना.”

मी तिच्याकडे बघत राहिलो. मोठ्या माणसाला मोठा स्क्रीन हवा असतो, कमिशन हवं असतं, गादी हवी असते. एवढ्याशा पोरीला काय हवं असणार?

टायवाल्याला विचारलं, “तुला ऐकू येतंय?”

तो टायशी खेळायला लागला. “येतं काका. थोडंसं.”

“सहा तारखेला येत होतं?”

“येत होतं.”

“मग?”

“तुम्ही ऐकायचं काम करता ना काका. मला वाटलं, तुम्हाला चालत असेल.”

मी त्याला काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. त्या पोरीच्या बापाने तिला बाहेर नेलं, एवढं पुरे. बोलताना माझा स्वतःचा आवाज मला फार नीट ऐकू येत होता.

शनिवार, १५

सकाळी गाडीत बसलो, काचा वर केल्या. मुलीकडे एकेक सूर काढून ऐकवायचा प्रोग्रॅम आहे, तो रेड्यावर चालू केला. एक हजार. ऐकू येतंय. दोन हजार. तीन. चार हजारांवर सूर सुतासारखा बारीक झाला. साडेचार हजारांना तुटला.

हेडफोन बिघडला म्हणून काढून टाकला आणि गाडीचा स्पीकर जोडला. पाच हजार. काही नाही. आवाज वाढवला. सहा हजार. आणखी वाढवला, शेवटपर्यंत. स्क्रीनवरची सुई उजवीकडच्या टोकाला आपटत होती आणि गाडीत इतकी शांतता होती की मला माझा श्वास ऐकू येत होता.

काचेवर थापा पडल्या. ही. मी काच खाली केली तर दोन्ही कानांत बोटं. “अहो, बंद करा ते! गल्लीतली कुत्री पिसाळली सगळी.”

कुत्री मला ऐकू येत होती. चांगली भुंकत होती.

मग घरात जाऊन रेडा टीव्हीला जोडला. चार नंबरचं रेकॉर्डिंग काढलं आणि चित्र भिंतीएवढं केलं. तळाशी पंख्याची घरघर, चिखलाच्या थरासारखी, एक हजाराच्या आतच. आणि वर, साडेसहा हजाराच्या आसपास, उभ्या रेघा. सारख्या अंतरावर. फणीच्या दातांसारख्या. बेअरिंगची आतली कडी फुटली की गोळी दर फेऱ्याला ठेच खाते, प्रत्येक ठेचेची एक रेघ. लहान मुलानेही मोजल्या असत्या.

रेड्याने सगळं ऐकलं होतं. घोरता घोरता ऐकलं होतं. मी त्याला आपटायला निघालो होतो.

मुलगी मागे कधी येऊन उभी राहिली कळलं नाही. मी विचारलं, तुला हे कधी दिसलं? म्हणाली, त्या दिवशी पुसट दिसलं होतं, नीट दिसलं ते फोन आल्यावर. मी विचारलं, त्या दिवशी ओरडली का नाहीस? माझा हात का नाही धरलास? ती म्हणाली, “तुमच्यापुढे आजवर कोणी ओरडलंय का, बाबा?”

मी तिच्यावर ओरडलो. दुसरं काही येत नव्हतं.

सोमवार, १७

तेलवाल्याकडे गेलो. दोन खोल्यांचं घर, खिडकीपाशी खाट. हात बोचक्यासारखा बांधलेला. एक बोट गेलं. त्याच्या बायकोने पाणी दिलं आणि समोरच बसून राहिली, माझ्यावरून नजर न हलवता.

मी विचारलं, मशीन चालू असताना जाळीत हात घातलास कशाला? नियम माहीत नाही? हो, जाऊन मी आधी हेच विचारलं. लिहून ठेवतो, म्हणजे पुढे विसरायला नको.

तो म्हणाला, “एरवी नसता घातला, कानवाले. थोडं तापल्यासारखं वाटत होतं, तेल द्यायचं होतं. पण तुमचा कागद होता ना तिथे. ठीक म्हणून.”

सांगायचं ते न सांगताच उठलो. दारापर्यंत आलो, परत फिरलो आणि सांगितलं. सगळं. साडेचार हजारांच्या पुढचं. त्याची बायको उठून आत गेली. त्याने बोचकं मांडीवर घेतलं. मग म्हणाला, साहेबांना सांगितलंत? मी म्हटलं, नाही.

तो म्हणाला, “सात नंबरचं तेल आता माझा मेहुणा देतो.”

तिथून सरळ दुकानात. टायवाल्याने मौनीबाबा निमूट परत घेतला. एक शब्द वावगा बोलला असता तर त्याच्या टायनेच त्याला हत्तीला बांधला असता. हत्ती घेतला. पंखे फुरफुरतात, फुरफुरू देत. त्यांचा चिखल खाली राहतो. मला लागतं ते वर असतं.

गुरुवार, २०

गिरणीत दहाला पोचलो. दाढीवाले साहेब, त्यांचा कारकून, दोन फिटर आणि तेलवाल्याचा मेहुणा, असा मेळा मागे मागे. एक ते सहा बरे निघाले, नवं बेअरिंग घातलेला चारही. प्रत्येक मशीनपाशी मी कांडी लावत होतो, मुलगी माझ्या मागे ट्रॉलीवर हत्ती ठेवून बघत होती आणि मी वळून तिच्याकडे बघत होतो. साहेबांच्या ते लक्षात आलं. त्यांना सगळं लक्षात येतं, दाढी त्यासाठीच आहे.

सात नंबर. कांडी लावली. गोड, गोल, भरल्या पोटाचा आवाज. झोप लागेल असा. बत्तीस वर्षांच्या अनुभवाने सांगतो, असा आवाज आला की ‘ठीक’ लिहायचं. खिशात कागद होता. डिंकही होता.

मागे वळलो. मुलीने स्क्रीन माझ्याकडे वळवला. सतरा इंच. ठसे नाहीत, धूळ नाही. वर, साडेसहा हजारावर, फणी. अजून फिक्या रंगाची, दात कोवळे, पण फणीच.

साहेबांनी विचारलं, “काय कानवाले, काय ऐकू येतंय?”

तिने तोंड उघडलं. मला माहीत होतं ती काय करणार. बाबांना बारीक करकर ऐकू येतेय, असं सांगून मोकळी होणार, माझं झाकणार, पुढची दहा वर्षं झाकत राहणार. गुपचूप सांभाळणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं, आणि दाढी करताना गाल कापला त्या दिवशी मी या वहीत तिला काय म्हणालो होतो तेही आठवलं. संताप संताप झाला. माझा माझ्यावरच.

“मला काही ऐकू येत नाही,” मी म्हणालो. “मशीन बंद करा.”

साहेब म्हणाले, “ऐकू येत नाही तर बंद कशाला?”

“म्हणूनच. चार नंबरलाही मला काही ऐकू आलं नव्हतं. बारीक आवाज माझ्या कानांतून गेलेत, साहेब. हिला दिसतंय. बंद करा.”

सात नंबर थांबायला दीड मिनिट लागलं.  फिटरांनी दुपारपर्यंत बेअरिंग काढलं. आतल्या कडीवर चिमटीएवढा टवका. मेहुण्याने तो टवका बोटाने चाचपला आणि मग स्वतःची बोटं बघितली.

साहेबांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, हे महिनाभर आधी सांगायचं. मी म्हटलं, महिनाभर आधी मला कोणी सांगितलं असतं तर त्याचा गळा धरला असता. ते हसले नाहीत. सहा महिने बघू म्हणाले. कागदावर सही तुमच्या मुलीची लागेल. तुमच्या एकट्याच्या ‘ठीक’ला आता इथे किंमत नाही.

बरोबर बोलले. तरी त्यांची दाढी उपटावीशी वाटली.

निघताना चार नंबरवरचा माझा कागद खरवडून आणला. एक कोपरा फाटला, अक्षर शाबूत आहे. पुढच्या पानावर चिकटवतोय.

फाटकापाशी मुलगी लॅपटॉपची पिशवी खांद्याला लावायला लागली. मी ओढून घेतली. ती म्हणाली, असू दे बाबा, जड आहे. मी म्हटलं, अडीच किलो आहे, मला माहीत आहे. रोज उचलणार कोण, असं मीच विचारलं होतं.